असाध्य रोग्याची उपेक्षा

एका प्रश्नाने गेली काही वर्षे माझी पाठ धरली आहे. तो ग्रंथातून आलेला नाही. मुंबईत दादरला श्रीगाडगे महाराजांच्या नावाने जी धर्मशाळा चालते, तिथे चटईवर पडल्या पडल्या माझ्या थोरल्या बंधूंनी तो मला विचारला. म्हणाले, "तू कीर्तनात सांगतोस, शहाण्या वैद्याने असाध्य रोगी हाती धरू नये. मग ही डाक्तरीणबाई मला का सोडीत नाही?"

मी पस्तीस-एक वर्षे कीर्तन करतो. व्याकरण, थोडा न्याय आणि वेदान्त पाठशाळेत झाला आहे. प्रश्नाला उत्तर नाही असे आम्हा लोकांचे सहसा होत नाही. उत्तर खरे असतेच असे नाही, पण तोंडाशी असते. त्या दिवशी मात्र काही नव्हते. मी उठलो आणि तांब्यात पाणी आणायला गेलो.

आधी ते कीर्तनातले वाक्य कुठून आले ते सांगतो. पाठशाळेत माझ्या खोलीत आयुर्वेद शिकणारा एक विद्यार्थी असे. त्याला संस्कृत जड जाई, म्हणून त्याच्याबरोबर बसून मी चरकसंहितेचे सूत्रस्थान वाचले. तिथे रोगांची प्रतवारी आहे. सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य, बरा होत नाही पण उपचाराने आवरून धरता येतो तो याप्य, आणि ज्याच्यापुढे वैद्याने हात जोडावे तो असाध्य. असाध्य रोग अंगावर घेणाऱ्या वैद्याचे द्रव्य, विद्या व कीर्ती यांची हानी होते, असेही तिथे स्पष्ट सांगितले आहे. त्याच्याच थोडे अलीकडे वैद्याच्या मनाची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे: सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी करुणा, ज्याचा रोग बरा होण्याजोगा आहे त्याच्याविषयी प्रीती, आणि जो प्रकृतीला जाऊन मिळणार, म्हणजे मरणाच्या वाटेला लागला आहे असा अर्थ टीकेत केलेला आहे, त्याच्याविषयी उपेक्षा.

आता कीर्तनकाराला असे काही सापडले की तो सोडतो होय? मी त्याचा दृष्टान्त केला. वैद्य असाध्याची उपेक्षा करतो, पण पांडुरंग करीत नाही. वैद्याने हात सोडला की देव धरतो. इथे टाळकरी उठत, मृदंग चढे, आयाबाया पदराने डोळे पुशीत. किती वेळा सांगितला असेन, गणती नाही. समोर बसलेल्यांत कुणी तसा रोगी असेल आणि त्याला 'असाध्य' हा शब्द कसा लागत असेल, हे मनात आले नाही.

असो. आबांना, म्हणजे थोरल्या बंधूंना, २०१४ साली प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला. दोन वर्षे सुया-गोळ्यांवर बरे चालले. २०१६ च्या चैत्रात उजवी मांडी आणि कंबर दुखू लागली, ती इतकी की कुशीवर वळताना ओरडत. शेतात जन्म काढलेला माणूस. एकदा बैलाने शिंग मारून बरगडी मोडली तेव्हा ओरडला नव्हता. जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात घेऊन, दुसऱ्याच कुणाचे कागद चाळीत, सांगितले की रोग हाडांत उतरला आहे, आता करण्यासारखे काही नाही, घरी न्या. दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. खरे सांगतो, मला त्यांचा राग आला नाही. मला वाटले, माणूस शास्त्राप्रमाणेच बोलला.

पुतण्याने ऐकले नाही. वैशाखात त्याने आबांना मुंबईला आणले, मीही बरोबर गेलो. परळला किरणोपचाराच्या एका डॉक्टरबाईंपुढे आमची पाळी आली. बाई पन्नाशीच्या. "बुवा, लिहा हवे ते, पण माझे नाव छापू नका," असे त्यांनी पुढे बजावले आहे, तेव्हा बाई म्हणूनच लिहितो.

त्यांनी आधी कागद पाहिले नाहीत. स्टूल ओढून आबांच्या गुडघ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, एका बोटाने दाखवा, कुठे दुखते." आबांनी दाखविले. त्यांनी तिथे आपले बोट ठेवले. मग विचारले, झोप किती लागते, रात्री कुशीवर वळवायला कोण उठते, परसाकडेला कसे जाता, जेवण बसून होते की पडून. मी मनात म्हटले, ही चौकशी रोगाची की सोयरिकीची? शेवटी विचारले, "तुम्हाला काय करायचे राहिले आहे?" आबा चटकन म्हणाले, "औंदाची वारी."

हा किरणोपचार म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आपल्या गावांकडे त्याला कुणी शेक म्हणतो, कुणी लाइट, आणि दोन्हींविषयी भलत्या समजुती आहेत. १८९५ साली जर्मनीत रॉंटजेनला क्ष-किरण सापडले. १८९८ साली पॅरिसला क्यूरी पतिपत्नींना रेडियम सापडले. हे किरण मांस जाळतात, हे पहिल्या चार-सहा वर्षांतच पुष्कळांच्या हातांनी अनुभवले. मादाम क्यूरी १९३४ साली रक्त न बनण्याच्या विकाराने गेल्या, तो याच किरणांचा प्रसाद. जे जाळते त्याला औषध कसे करावे? तर पॅरिसमध्येच १९२० च्या सुमारास रेगो व कुतार या दोघांनी दाखवून दिले की सगळी मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी दिली, तर निरोगी पेशी रात्रीतून आपली दुरुस्ती करून घेतात आणि कर्करोगाच्या पेशींना ती तितकीशी साधत नाही. म्हणून रोग समूळ काढायचा असेल तर आठवड्याचे पाच दिवस, अशी पाच-सहा-सात आठवडे रोज ठरावीक मात्रा देतात. नित्यनेमासारखेच हे. एक दिवस पारायण करून महिनाभर झोपणाऱ्याला साधत नाही, रोज चार ओव्या वाचणाऱ्याला साधते. माझ्या डोक्यात तो दृष्टान्त लगेच तयार झाला. खोड जात नाही!

आणखी एक. बाहेरून यंत्राने किरण घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत. त्याच्या ताटात जेवायला, त्याच्या शेजारी निजायला, नातवाला त्याच्या मांडीवर द्यायला काही हरकत नाही. धर्मशाळेत एक बाई भेटली, तिला सासरी वेगळे ताट-तांब्या दिले होते, शेक घेते म्हणून. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तसे चालले असेल तर आजच्या आज बंद करावे.

आता आबांचे. मला वाटत होते, महिनाभर मुक्काम पडणार. बाई म्हणाल्या, एकच दिवस. एकदाच किरण द्यायचे, मात्रा थोडी मोठी, आठ ग्रे, आणि घरी जायचे. मी गप्प बसलो, पण मनात किल्मिष आले. शेजारच्या माणसाला पस्तीस दिवस आणि आमच्या म्हाताऱ्याला एक? धोतर-टोपी पाहून कमी दिले? की सोडायचाच आहे, म्हणून हात लावल्यासारखे करतात?

बाईंनी ते माझ्या तोंडावर वाचले असावे. म्हणाल्या, "बुवा, शेजारच्यांचा रोग काढायचा आहे, बाबांचे दुखणे काढायचे आहे. हेतू वेगळा, म्हणून माप वेगळे." मग समजावून सांगितले. रोग हाडांत उतरून होणाऱ्या वेदनेवर एकदाच द्यावे की दहा वेळा विभागून द्यावे, याची अनेक देशांत हजारो रोग्यांवर तुलना झाली आहे. वेदना उतरण्याचे प्रमाण दोन्हींत सारखे निघाले. दहांतील सहा जणांना तरी आराम पडतो. एकदाच दिले तर पुढे पुन्हा द्यावे लागण्याचा संभव थोडा अधिक, एवढाच फरक. "मग ज्यांच्यापाशी दिवस थोडे आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांचे दहा दिवस मी माझ्या दारात का खर्ची घालू?"

हे वाक्य मी त्या रात्री धर्मशाळेत बराच वेळ घोळवीत पडलो. दानधर्मात किती दिले ते आपण मोजतो. घेतले किती, हे मोजणारा दाता मी क्वचित पाहिला आहे.

या बाई शिकल्या त्या टाटा रुग्णालयात, डॉ. केतायून दिनशॉ तिथे मुख्य असताना. त्या रुग्णालयाचा जन्मही एका मरणातून झाला. लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली विलायतेत गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. माणसे बरी करण्याचे घर अणूच्या खात्याकडे कसे, असे वाटेल. पण ज्या शक्तीने १९४५ साली दोन शहरे बेचिराख केली तिचाच एक अंश मोजून, आडोसा करून, रोग्याच्या गाठीवर धरायचा, हेच तर तिथले काम. चूल आणि वणवा यांत अग्नी एकच असतो.

डॉ. दिनशॉ १९७४ साली तिथे किरणोपचार विभागात आल्या. त्याआधी वेल्लोरला वैद्यकाचे आणि पुढे इंग्लंडात किरणोपचाराचे शिक्षण झाले होते. विभागाच्या प्रमुख झाल्या, १९९५ साली रुग्णालयाच्या संचालक झाल्या, २००१ साली पद्मश्री मिळाली, २००८ पर्यंत टाटा केंद्राची धुरा वाहिली आणि २०११ साली निवर्तल्या. पारशी घराण्यातील बाई. त्या काळात यंत्रांच्या खोलीत स्त्रिया फारशा नसत. त्यांच्या कामातले मला सर्वांत मोठे वाटते ते असे. पूर्वी स्तनाचा कर्करोग म्हटला की सबंध स्तन काढून टाकीत. जी स्त्री वेळेवर आली आहे तिची गाठ तेवढी काढायची आणि राहिलेल्या भागावर किरण द्यायचे, म्हणजे तिचे अंग राहते आणि इलाजही उणा पडत नाही. ही पद्धत आपल्याकडे रुजविणाऱ्यांत त्या होत्या. शस्त्रवैद्य, औषधवैद्य आणि किरणवैद्य यांनी एकेका रोग्याविषयी एकत्र बसून ठरवावे, हाही त्यांचा आग्रह. विलायती यंत्र परवडत नाही, म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन नावाचे कोबाल्टचे देशी यंत्र तयार केले. ते टाटा केंद्राच्या खारघरच्या संस्थेत प्रथम बसले तेही त्यांच्याच काळात. रोग जावा इतकेच पाहायचे असते तर अंग राखण्याचा खटाटोप कुणी केला नसता. स्त्रीला बरे होऊन ज्या देहाने घरी जायचे आहे तो कसा असेल, हे पाहिले गेले, म्हणून झाला.

पण इथे एक शंका येते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. यंत्रे थोडी, रांग मोठी. परळच्या त्या रस्त्यावर रात्री पदपथावर निजलेली माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला ही रांग सांगायला नको. बरी होण्याजोगी तरुण बाई, लहान लेकरे असलेली, ताटकळत असताना बरे न होणाऱ्या म्हाताऱ्यावर यंत्र का चालवावे? चरकाचार्य कठोर वाटतात खरे, पण त्यांच्यापुढेही हाच हिशेब नसेल कशावरून? औषधी वनस्पती काय रानात अखंड उगवत होत्या?

मी हे बाईंना विचारले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हा प्रश्न रोज सकाळी यादी करताना पडतो. ज्यांचा रोग निघण्याजोगा आहे त्यांचा एकही दिवस चुकू द्यायचा नाही, कारण मध्ये खंड पडला तर रोग उचल खातो. पण वेदनेने ओरडणारा माणूस रांगेत शेवटी उभा करणे हाही त्यांना न्याय वाटत नाही. एका दिवसाच्या मात्रेने तीही सोय होते. आबांचे नऊ दिवस वाचले, तसे ते यंत्राचेही वाचले आणि रांगेतल्या दुसऱ्या कुणाला मिळाले. मला हे उत्तर पुरते समाधानकारक वाटले नाही, आणि त्यांनाही वाटत नसावे. यंत्रेच वाढली पाहिजेत, असे म्हणून त्या थांबल्या.

किरण दिले त्या दिवसाची गोष्ट. मांडीवर आणि कमरेवर शाईने खुणा केल्या. जाड भिंतींच्या खोलीत आबांना फळीवर निजवून सगळे बाहेर आले. दार सरकून बंद झाले. आम्ही बाहेर पडद्यावर पाहत होतो. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला थांबता येत नाही. चार-पाच मिनिटेच, पण पाहवत नाही हो. जन्मभर दिंडीत खांद्याला खांदा लावून चाललेला माणूस, एकटा. बाहेर येण्यापूर्वी बाईंनी त्यांच्या पायाचा अंगठा धरून सांगितले होते, "बाबा, मी काचेतून बघत आहे. हात वर केलात की यंत्र बंद." आबांनी हात वर केला नाही. ओठ मात्र हलत होते.

तिसऱ्या दिवशी दुखणे उतरायचे सोडून वाढले. मी तणतणत गेलो. बाई म्हणाल्या, "मी सांगितले होते, बुवा, पहिले काही दिवस वाढेल." सांगितले होते खरे. पुतण्याने वहीत लिहूनही ठेवले होते. श्रोत्यांना अवधान द्या म्हणणारा मी, माझे अवधान कुठे होते कोण जाणे. पंधरा दिवसांनी आबा काठी टेकून परसाकडेला जाऊ लागले.

आता यातला नाजूक भाग. पहिल्याच दिवशी मी बाईंना बाजूला घेऊन सांगितले होते की रोग कुठवर गेला ते आबांना कळू देऊ नका, वात आहे म्हणा, तो धीर सोडील. बाई म्हणाल्या, "मी आपण होऊन काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारले तर खोटे बोलणार नाही." मी शास्त्रार्थ काढला: अप्रिय सत्य बोलू नये असे वडीलधारे सांगत आले आहेत. त्या म्हणाल्या, "मग प्रिय असत्य बोलावे, असेही त्यांनी सांगितले आहे का?" मला पुढचे चरण पाठ होते. तिथे प्रिय असत्याचाही निषेधच आहे. मी चूप.

घरी निघण्यापूर्वी आबांनी विचारलेच. "ताई, औंदाची वारी होईल का?" बाई म्हणाल्या, "चालत नाही, बाबा. त्या हाडावर भार पडला तर मोडेल. गाडीतून व्हावी म्हणून आपण खटपट करू." "आणि पुढच्या साली?" बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. आमच्याकडे पाहिले नाही, आबांकडेच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणखी किती ऐकायचे आहे ते तुम्ही सांगा. तेवढेच मी सांगेन." आबा म्हणाले, "नको. कळाले." आणि टोपी नीट केली.

गावाकडे येताना गाडीत ते माझ्यावर बोलले. "तुला आधीपासून ठाऊक, आणि तू मला वात म्हणत होतास. जमिनीचे कागद करायचे आहेत, धाकटीला तिचे सोने द्यायचे आहे. मी ते सगळे दिवाळीवर टाकले होते." सत्याची महती सांगत गावोगाव फिरणारा मी, सख्ख्या भावापाशी खोटा ठरलो. तेही प्रेमाने, म्हणूनच फार पचत नाही. तरी सगळ्यांना सगळे सांगावे असे मी म्हणणार नाही. धर्मशाळेत एक गृहस्थ होते, ते कानांवर हात ठेवीत, मुलाला सांगा म्हणत. तो त्यांचा अधिकार. किती ऐकायचे ते ज्याचे दुखणे त्याने ठरवावे. मी ते आबांच्या वतीने ठरवून टाकले होते.

औषधाचीही एक अडचण झाली. किरणांनी पुष्कळ उतरले, उरल्या दुखण्यावर बाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मॉर्फिन अफूपासून होते हे आबांना कुठून तरी कळले आणि त्यांनी तोंड मिटले. तुळशीची माळ घातलेला माणूस अफू खाणार? माळ उतरीन पण अफू खाणार नाही, आणि माळही उतरणार नाही. इथे मात्र माझी पाठशाळा कामाला आली. महाभारतात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळे, फळ, दूध यांच्या जोडीला गुरूचे वचन आहे आणि औषधही आहे. दुखणे विसरून हरिनाम घेता यावे म्हणून वैद्याने मोजून दिलेली गोळी आणि चावडीवरची नशा यांना एक मानणे म्हणजे शाळिग्रामाला वरवंटा समजणे होय. माळकऱ्यांनी याविषयी शंका ठेवू नये. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे औषध पुष्कळ वर्षे दुर्मिळ झाले होते, २०१४ साली तो कायदा थोडा सैल केला. तरी तालुक्याच्या गावी ते मिळत नाही. पुतण्या दर महिन्याला मुंबईला जाऊन आणीत असे.

जाता जाता आणखी एक. धर्मशाळेतले निम्मे पुरुष तोंडाच्या कर्करोगाचे होते. त्यांत माळकरीही दिसले. गळ्यात माळ आणि कनवटीला तंबाखूची चंची हे आपल्या दिंड्यांतले नित्याचे दृश्य आहे, बायकांची मिश्री वेगळीच. अफूच्या गोळीला भिणारे आम्ही तंबाखूला भीत नाही. तोंडातली जखम वा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर तोंड दाखवायला जावे. तिथे साध्य-असाध्याचा फरक कधी कधी त्या दोन-तीन आठवड्यांचाच असतो.

ज्येष्ठात पालख्या निघाल्या. आबा आमच्या दिंडीच्या ट्रकमध्ये गादीवर बसून निघाले. एका मुक्कामावर दिंडीतले एक म्हातारे त्यांना म्हणाले, "मागल्या जन्मीचे काही असेल, भोगून संपवायचे." आबांनी मान हलविली, माझ्या अंगाची मात्र आग झाली. प्रारब्ध मी नाकारीत नाही, कसे नाकारीन? पण ते वाक्य मी स्वतः किती जणांच्या उशाशी बसून बोललो होतो ते त्या ट्रकमध्ये एकेक आठवले. माणूस आपल्या दुःखाविषयी तसे म्हणतो तेव्हा त्याला बळ येते. दुसऱ्याच्या दुःखाविषयी म्हणतो तेव्हा त्याची स्वतःची सुटका होते, उठून जायला मोकळा होतो.

पंढरीत आबांनी कळसाचे दर्शन घेतले. रांगेत उभे राहण्यासारखे नव्हते. चंद्रभागेचे पाणी तांब्यात आणून पायांवर घातले. रात्री राहुटीत पडल्या पडल्या त्यांनी दादरचा प्रश्न पुन्हा काढला. "मग सांग की, ती बाई मला का सोडीत नाही?"

या वेळी मला उपेक्षा हा शब्द आठवला. मराठीत आपण दुर्लक्षाला उपेक्षा म्हणतो, आणि कोशातही तो अर्थ आहेच. पण धातू ईक्ष्, म्हणजे पाहणे; उपसर्ग उप, म्हणजे जवळ. जवळून पाहणे. पातंजल योगातही मैत्री, करुणा, मुदिता यांच्यापुढे उपेक्षा येते. तिथे तो एक भाव आहे, मनाने मुद्दाम धरायचा. टाकून देणे हा काय मुद्दाम धरायचा भाव झाला? चरकाचार्यांना जवळून पाहणेच अभिप्रेत होते असे मी म्हणणार नाही. ती व्याकरणाची ओढाताण होईल आणि माझे गुरुजी असते तर त्यांनी कान धरला असता. पण व्हरांड्यातल्या डॉक्टरांनी आबांची केली ती एक उपेक्षा, आणि बोट ठेवून, बरे करण्याची भाषा न बोलता बाईंनी केली ती दुसरी. आपण बरे करू शकत नाही हे दोघांनाही सारखेच ठाऊक होते. आबांना मी एवढे सगळे सांगितले नाही. म्हटले, "आबा, मी कीर्तनात चुकीचे सांगत होतो." ते म्हणाले, "मग आता नको सांगूस."

तो दृष्टान्त मी सोडला. गेल्या वर्षी एका गावी जुन्या श्रोत्याने मुद्दाम फर्माईश केली. मी दुसरा लावला, तितका रंगला नाही.

आबा मार्गशीर्षात गेले. दिवस झाल्यावर मी बाईंना फोन केला. त्यांनी सांत्वनाचे काही बोलण्याआधी विचारले, "शेवटी दुखत होते का?"

मी म्हटले, "शेवटचे दोन दिवस नाही."

"त्याआधी?"

"होते. आठवडाभर. गोळ्या संपल्या होत्या, पुतण्याला जायला जमले नाही."

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग गोळी किती मात्रेची चालू होती, दिवसातून किती वेळा, तालुक्याला कुठल्या दुकानात विचारले होते, हे एकेक विचारून त्यांनी लिहून घेतले.